लहरींचा मुलूख आणि नोकरीची सीमा : बिदर-कलबुर्गीच्या मराठी पट्ट्यातील नभोवाणी

बिदर शहरालगतच्या मैलूरपासून भालकी, औराद, बसवकल्याण आणि पुढे कलबुर्गी जिल्ह्यातील आळंदपर्यंत पसरलेल्या मराठी भाषक पट्ट्याने विसाव्या शतकापासून आजवर नभोवाणीचे तीन अंमल पाहिले. पहिला निजामाच्या दक्कन रेडिओचा, दुसरा भारत सरकारच्या आकाशवाणीचा आणि तिसरा, नवे शतक उजाडल्यावर, खासगी आणि सामुदायिक केंद्रांचा. या तिन्ही काळांत येथील श्रोत्याला आपल्या भाषेचा आवाज कोठून ना कोठून ऐकू येत राहिला. मात्र त्या आवाजावर पोट भरणाऱ्या माणसाची, म्हणजे निवेदक, वृत्तनिवेदक, नाट्यकलावंत, वादक आणि ग्रामीण कार्यक्रमांचा लेखक यांची जागा कोठे असावी, हे प्रत्येक वेळी राजधानीत ठरले. लहरी कोठवर पोचतात याचा नकाशा आणि नभोवाणीतील नोकरी कोणाला मिळते याचा नकाशा, हे दोन नकाशे या प्रदेशात फार काळ एकमेकांशी जुळले नाहीत, आणि या प्रदेशातील नभोवाणीच्या इतिहासाचे मर्म या विसंगतीत आहे.

निजामी अमलातील आरंभ

मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. ही खासगी कंपनी परवाना शुल्कातील वाट्यावर आणि संचांच्या विक्रीशी निगडित उत्पन्नावर जगू पाहत होती. श्रोतेच मूठभर असल्याने ती १९३० साली दिवाळखोरीत निघाली आणि तिची केंद्रे सरकारकडे गेली. १९३६ साली या सरकारी सेवेला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. ब्रिटिश हिंदुस्थानात ही घडामोड चालू असताना संस्थाने मात्र आपापल्या वाटेने चालली होती. म्हैसूर येथे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली स्वतःच्या घरातून एक लहानसे केंद्र चालू केले आणि पुढे साऱ्या देशाने स्वीकारलेले ‘आकाशवाणी’ हे नाव प्रथम त्या केंद्राला लाभले. हैदराबादेत पोस्ट-तार खात्यातील महबूब अली यांच्या पुढाकाराने अशाच छोट्या प्रमाणावर प्रसारण सुरू झाले होते. ते निजाम सरकारने आपल्याकडे घेतले आणि ३ फेब्रुवारी १९३५ पासून ‘दक्कन रेडिओ’ हे संस्थानाचे अधिकृत केंद्र म्हणून बोलू लागले. पुढे सरूरनगर येथे अधिक शक्तीचा प्रक्षेपक, म्हणजे ध्वनीचे विद्युतचुंबकीय लहरींत रूपांतर करून त्या आसमंतात सोडणारे यंत्र, उभारण्यात आला आणि मराठवाड्यासाठी औरंगाबादला वेगळे, लहान क्षमतेचे केंद्र निघाले.

हैदराबाद हे बहुभाषक संस्थान होते. १९४१च्या सुमारास त्याची लोकसंख्या १ कोटी ६३ लाखांच्या आसपास होती. तीत तेलुगू भाषक जवळजवळ निम्मे, मराठी भाषक सुमारे चतुर्थांश, कन्नड भाषक साधारण आठवा हिस्सा आणि उर्दू भाषक त्याहून थोडे कमी होते. तरीही राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणही उर्दूतून दिले जाई, आणि त्यामुळे सरकारी खात्याचा भाग असलेल्या नभोवाणीतही उर्दूला मुख्य आसन मिळाले. तेलुगू, मराठी आणि कन्नड यांच्या वाट्याला ठरावीक वेळ येई. उर्दूवर प्रभुत्व असलेल्या सुशिक्षिताला या नव्या व्यवसायात सरकारी नोकराचे स्थैर्य लाभू शकत होते, तर इतर भाषांच्या जाणकारांसाठी जागा मर्यादित होत्या.

बिदर हे उर्दू, मराठी, कन्नड आणि तेलुगू या चारही भाषांच्या संगमावरचे शहर. हैदराबादहून ते रस्त्याने सुमारे १४० किलोमीटर अंतरावर आहे. घरात मराठी किंवा कन्नड, बाजारात दखनी आणि कचेरीत उर्दू असा येथील सुशिक्षितांचा रोजचा व्यवहार होता. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात माणिकप्रभूंच्या पदांची परंपरा मराठीबरोबर कन्नड आणि हिंदुस्थानीतही वाहत होती, आणि भालकी तालुक्यातील खानापूरचा मैलार मल्लण्णा मराठी भक्तांचा खंडोबा होऊन दोन्ही भाषांच्या लोकांची जत्रा भरवीत होता. बहुभाषक नभोवाणीला लागणारा माणूस अशा भूमीत सहज घडत होता. परंतु त्या काळी रेडिओ संच महाग होते, खेड्यांत वीज नव्हती आणि बॅटरीवर चालणारे व्हॉल्व्हचे संच हाताळणेही सोपे नव्हते. त्यामुळे जमीनदार, वकील, अधिकारी आणि व्यापारी यांच्या दिवाणखान्यांपलीकडे, आणि सार्वजनिक जागी ठेवलेल्या एखाद्या संचापलीकडे, ही वाणी फारशी पोचत नव्हती.

सप्टेंबर १९४८

ऑगस्ट १९४७ मध्ये भारत सरकारकडे दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनऊ ही सहा केंद्रे आली, आणि संस्थानांकडे म्हैसूर, बडोदे, त्रिवेंद्रम, हैदराबाद आणि औरंगाबाद ही पाच केंद्रे राहिली. पाचांपैकी दोन केंद्रे एकट्या निजामाकडे होती, आणि विलीनीकरणाला नकार देणाऱ्या संस्थानाच्या हाती स्वतःचा ध्वनी असणे ही त्या वर्षभरात केवळ करमणुकीची बाब उरली नाही. एका बाजूने दक्कन रेडिओ स्वतंत्र हैदराबादची बाजू मांडत होता आणि दुसऱ्या बाजूने ऑल इंडिया रेडिओची केंद्रे संस्थानी प्रजेला उद्देशून बोलत होती. सीमेवरच्या श्रोत्याला एकाच सायंकाळी एकाच घटनेची परस्परविरोधी वार्ता ऐकू येई, आणि कोणते केंद्र लावावे हा राजकीय निष्ठेचा, रझाकारांच्या, म्हणजे निजामी राजवटीच्या समर्थक सशस्त्र स्वयंसेवकांच्या, धाकात तर जोखमीचाही, प्रश्न होऊन बसला.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्याची मुख्य फळी सोलापूरहून निघाली आणि नळदुर्ग, उमरगा, राजेश्वर, हुमनाबाद, जहीराबाद या हमरस्त्याने पुढे सरकली. ही कारवाई, जिला या भागात आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात, बिदर जिल्ह्याच्या मधोमध घडली, आणि १७ सप्टेंबरला बिदर शहर सैन्याच्या ताब्यात आले. त्याच दिवशी संस्थानाचे पंतप्रधान लायक अली यांनी आपल्या मंत्रिमंडळाचा राजीनामा नभोवाणीवरून जाहीर केला आणि भारताचे प्रतिनिधी कन्हैयालाल मुन्शी यांच्या आग्रहावरून निजाम मीर उस्मान अली खान यांनीही नभोवाणीवरून प्रजेला उद्देशून भाषण केले. दोनशे सव्वादोनशे वर्षांच्या राजवटीचा शेवट जनतेला दवंडीने किंवा फर्मानाने कळला नाही. तो त्याच राजवटीच्या ध्वनिक्षेपकावरून कळला. १ एप्रिल १९५० रोजी हैदराबाद आणि औरंगाबाद ही दोन्ही केंद्रे आकाशवाणीत विलीन झाली आणि त्यांतील कर्मचारी केंद्र सरकारच्या सेवेत आले.

आकाशवाणीतील तीन पायऱ्या

ज्या व्यवस्थेत हे कर्मचारी आले तिची रचना समजून घेतल्याशिवाय पुढील इतिहास उलगडत नाही. आकाशवाणीत काम करणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन थर होते. वरच्या थरात कार्यक्रम अधिकारी, केंद्र संचालक आणि अभियंते हे कायम सरकारी नोकर होते, आणि त्यांची देशभर कोठेही बदली होऊ शकत असे. मराठी नवकवितेचे प्रवर्तक बा. सी. मर्ढेकर हे या थराचे उदाहरण होय. आकाशवाणीच्या सेवेत त्यांना मुंबईबाहेर दूरदूरच्या केंद्रांवर जावे लागले आणि १९५६ साली दिल्लीत त्यांचा मृत्यू झाला. दुसरा थर ‘स्टाफ आर्टिस्ट’ म्हणजे कर्मचारी कलावंतांचा. निवेदक, वादक, नाट्यकलावंत, लेखक आणि वृत्तनिवेदक हे ठरावीक मुदतीच्या करारावर असत. करार संपला की नूतनीकरणाची वाट पाहावी लागे, आणि नियमित सेवेचे लाभ मिळवण्यासाठी त्यांना १९८०च्या दशकापर्यंत थांबावे लागले. तिसरा थर नैमित्तिक कलावंतांचा, ज्यांना एकेका कार्यक्रमापुरते बोलावून मानधन दिले जाई. त्यांत शाळामास्तर, वकील, कीर्तनकार, शाहीर आणि प्रगतिशील शेतकरी असे सर्व प्रकारचे लोक येत.

पहिल्या थरातील माणूस खात्याशी बांधलेला होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरातील माणूस मात्र केंद्राशी आणि केंद्राच्या भाषेशी बांधलेला होता. ज्या केंद्राची मुख्य भाषा कन्नड, तेथे मराठी निवेदकाला करार मिळण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नसे, मग त्या केंद्राच्या कक्षेत मराठी श्रोते कितीही असोत. १९५२ ते १९६२ या काळात माहिती आणि नभोवाणी मंत्री असलेले बाळकृष्ण केसकर यांनी गायक-वादकांसाठी ध्वनिचाचणीची कडक पद्धत रूढ केली, कलावंतांना श्रेणी लावल्या आणि नामवंत साहित्यिक-संगीतकारांना निर्माते किंवा सल्लागार म्हणून केंद्रांवर आणले. पुणे केंद्रात व्यंकटेश माडगूळकर यांनी ग्रामीण कार्यक्रमांची धुरा वाहिली. धारवाड केंद्राला कन्नड कवी द. रा. बेंद्रे यांचे मार्गदर्शन मिळाले. बेंद्र्यांची घरची भाषा मराठी होती आणि त्यांनी सोलापूरच्या महाविद्यालयात बरीच वर्षे अध्यापन केले होते. सीमाभागातील दोन भाषांवरची पकड नभोवाणीच्या कामी किती मोलाची ठरू शकते, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. पण बेंद्रे हे थोर कवी होते आणि त्यांच्यासाठी दार उघडे होते. भालकीच्या द्विभाषक तरुणाला तेवढ्याच भांडवलावर करार मिळण्याची सोय नव्हती.

भाषावार प्रांत आणि सुटलेला पट्टा

१९५३ साली पुणे केंद्र सुरू झाले आणि त्याच सुमारास औरंगाबादचे जुने निजामी केंद्र बंद करण्यात आले. मराठवाड्याचे आणि त्याला लागून असलेल्या बिदरचे जवळचे मराठी केंद्र त्यामुळे नाहीसे झाले. त्यानंतर तीन वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेने बिदर जिल्ह्याचेच तीन भाग केले : उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड हा भाग आंध्र प्रदेशात गेला, आणि बिदर, भालकी, बसवकल्याण, हुमनाबाद, औराद हा उरलेला भाग म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आला. हैदराबाद केंद्राच्या मुख्य भाषा तेलुगू आणि उर्दू ठरल्या. संस्थानी व्यवस्थेत मराठीला मिळणारा मर्यादित वेळ हा उर्दूच्या वर्चस्वाखालचा असला, तरी तो बिदरच्याच राज्याच्या राजधानीतून मिळणारा वेळ होता. नव्या व्यवस्थेत बिदरचा मराठी भाषक ज्या राज्यात आला तेथील केंद्रांची भाषा कन्नड होती आणि ज्या राज्यात मराठी केंद्रे होती तेथील तो रहिवासी नव्हता.

लहरींनी मात्र ही नवी रेषा मानली नाही. मध्यम लहरी, ज्यांच्यावर त्या काळची बहुतेक केंद्रे चालत, दिवसा जमिनीलगत प्रवास करतात आणि काही अंतरावर क्षीण होतात. सूर्यास्तानंतर मात्र वातावरणाच्या वरच्या आयनित थरावरून परावर्तित होऊन त्या शेकडो किलोमीटर दूर उतरतात. म्हणूनच दिवसा हैदराबादच्या स्पष्ट ध्वनीत राहणाऱ्या बिदरच्या श्रोत्याला रात्री पुणे आणि मुंबई, कमी-अधिक होत जाणाऱ्या आवाजात का होईना, लावता येत असे. लघुलहरींवर तर अंतराची अडचण आणखी कमी होती. केसकरांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळपास हद्दपार केली, तेव्हा १९५२च्या डिसेंबरपासून रेडिओ सिलोनवर सुरू झालेल्या अमीन सयानींच्या ‘बिनाका गीतमाला’ने साऱ्या देशाचा कान आपल्याकडे वळवला आणि १९५७ साली आकाशवाणीला ‘विविध भारती’ काढावी लागली. ट्रान्झिस्टर संच आल्यावर विजेची आणि अवजड बॅटरीची अट सुटली, आणि रेडिओ दिवाणखान्यातून चावडीवर, शेताच्या बांधावर आणि किराणा दुकानाच्या फळीवर आला. प्रत्येक संचाचा परवाना पोस्टातून काढून वर्षाचे शुल्क भरावे लागे, आणि ही पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकली.

श्रोत्याचा विस्तार असा वाढत असताना मराठी नभोवाणीचा व्यवसाय पुणे-मुंबईच्या अंगणात बहरत होता. १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीच्या दिवशी, पुणे केंद्रावरून सुरू झालेले ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ वर्षभर चालले. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेमुळे, म्हणजे केवळ आवाजावर उभ्या राहणाऱ्या छोट्या नाट्यप्रसंगांमुळे, बाळ कुडतरकर आणि नीलम प्रभू हे आवाज घराघरांत ओळखीचे झाले. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने महाराष्ट्रातील पाच जिल्ह्यांच्या सुमारे १५० गावांत ‘शेतकी रेडिओ मंडळां’चा प्रयोग केला. गावकऱ्यांनी एकत्र बसून कार्यक्रम ऐकावा, त्यावर चर्चा करावी आणि आपले प्रश्न केंद्राला कळवावेत, अशी त्याची रीत होती. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली आणि पुढे हा नमुना देशभर पसरला. पुणे, अहमदनगर, नाशिक, कोल्हापूर आणि उत्तर सातारा हे ते पाच जिल्हे होते. बिदर-कलबुर्गीचा कोरडवाहू शेतकरी त्याच भाषेत बोलत असूनही त्या प्रयोगाच्या कक्षेत नव्हता.

कलबुर्गी आणि परभणी

१९६६ साली कलबुर्गीला, त्या वेळच्या गुलबर्ग्याला, आकाशवाणीचे केंद्र उघडले. त्या काळी हैदराबाद-कर्नाटक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मागास भागासाठी हे केंद्र ही मोठी उपलब्धी होती. त्याच वर्षापासून आकाशवाणीने निवडक केंद्रांवर शेती आणि गृह विभाग स्थापन करण्यास आरंभ केला होता, आणि तूर, ज्वारी व करडईच्या या प्रदेशात हवामान, बियाणे, कीड आणि बाजारभाव सांगणारा आवाज जवळून येऊ लागला. केंद्राच्या रूपाने निवेदक, तंत्रज्ञ, वादक, नाट्यकलावंत आणि वचनगायक यांना, ज्यांना यापूर्वी धारवाड, बंगळूर किंवा हैदराबादचा रस्ता धरावा लागे, घराजवळ चाचणी देण्याची आणि मानधन मिळवण्याची संधी आली. कन्नड भाषकांच्या दृष्टीने निजामी काळातील उपेक्षेची ही उशिरा झालेली भरपाई होती, आणि ती न्याय्यही होती. औराद, भालकी किंवा आळंदच्या मराठी तरुणाला या केंद्रात शिरण्यासाठी सफाईदार कन्नड हवी होती. ज्यांनी कन्नड माध्यमातून शिक्षण घेतले त्यांना ती वाट खुली राहिली, ज्यांनी मराठी शाळांतून घेतले त्यांना ती बहुधा बंद झाली.

दोन वर्षांनी, १९६८ साली, परभणी केंद्र सुरू झाले आणि १९७६ साली औरंगाबादला पुन्हा आवाज मिळाला. परभणीमुळे मराठवाड्याच्या बोलीला प्रथमच घरचे व्यासपीठ लाभले आणि सीमेपलीकडच्या औराद-भालकीच्या श्रोत्यालाही पुण्यापेक्षा जवळची मराठी ऐकू येऊ लागली. परंतु नैमित्तिक कलावंतांची निवड करताना केंद्र आपल्या नेमून दिलेल्या क्षेत्रातील रहिवाशांकडे प्रथम पाहते, आणि परभणीचे क्षेत्र महाराष्ट्रात होते. राष्ट्रीय मराठी बातमीपत्र दशकानुदशके दिल्लीहून वाचले जाई, म्हणजे मराठी वृत्तनिवेदकाला मुळात घर सोडूनच व्यवसाय करावा लागे, आणि तशी तयारी असलेल्याला राज्याची सीमा आडवी येत नव्हती. आडवी येत होती ती गावी राहून महिन्यातून दोन-तीन कार्यक्रम करू इच्छिणाऱ्या भजनी कलावंताला आणि शिक्षक-लेखकाला, आणि नभोवाणीचा स्थानिक पाया याच वर्गावर उभा असतो.

दुसरी वाट

ही स्थिती अटळ होती का, हे तपासण्यासाठी फिलिपिन्सचे उदाहरण उपयोगी पडते. तेथे १९२२ साली हेन्री हर्मन या अमेरिकन व्यावसायिकाने मनिलात पहिले केंद्र काढले आणि त्यानंतर नभोवाणी प्रामुख्याने खासगी हाती, जाहिरातीच्या आधारावर वाढली. प्रांतोप्रांतीच्या केंद्रांना आपला श्रोता धरून ठेवणे भाग असल्याने सेबुआनो, इलोकानो, हिलिगायनोन अशा प्रादेशिक भाषांत बातम्या आणि मालिका निघाल्या आणि त्या भाषांच्या निवेदकांना आपापल्या गावी व्यवसाय मिळाला. ‘ब्लॉकटाइम’ या पद्धतीत तर निवेदक स्वतःच केंद्राकडून वेळ विकत घेतो आणि जाहिरातदार मिळवून तो भरून काढतो. या स्वातंत्र्याची किंमतही होती : जाहिरातदाराचे आणि राजकारण्याचे ओझे निवेदकाच्या मानेवर राहिले, १९७२च्या लष्करी कायद्यात केंद्रे एका फटक्यात बंद झाली, आणि प्रांतांतील अनेक निवेदकांना आपल्या बोलण्यापायी प्राण गमवावे लागले. भारतीय व्यवस्थेने निवेदकाला या संकटांपासून बऱ्याच अंशी दूर ठेवले आणि त्याच्या बदल्यात त्याला एका केंद्राच्या एका भाषेत बसवले.

भारतात ही चौकट १९९५ साली सैल होऊ लागली. लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी फेब्रुवारीत दिला. १९९७ साली आकाशवाणी प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाकडे गेली आणि २००१ पासून खासगी एफएम केंद्रे आली. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्यास मनाई असल्याने आणि त्यांचे अर्थकारण शहरी जाहिरातीवर चालत असल्याने निवेदकाची जागा ‘आरजे’ने, म्हणजे रेडिओ जॉकीने, घेतली आणि सीमाभागातील खेड्यांच्या भाषेला त्यांतून फारसे काही लाभले नाही.

लाभाची शक्यता दिसली ती बिदरपासून जेमतेम ३० किलोमीटरवर असलेल्या जहीराबाद भागात, जो १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यातच होता. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या दलित शेतकरी स्त्रियांनी माचनूर येथे युनेस्कोच्या मदतीने ध्वनिमुद्रणाची सोय उभी केली होती. परवाना मिळत नव्हता तेव्हा त्या ध्वनिफिती गावोगावच्या बैठकांत वाजवून दाखवीत. २००६ साली सरकारने सामुदायिक नभोवाणीचे धोरण स्वयंसेवी संस्थांना खुले केले आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी ‘संघम रेडिओ’ प्रत्यक्ष लहरींवर आला. ग्रामीण भागातील हे देशातील पहिलेच परवानाधारक सामुदायिक केंद्र. त्याचा पल्ला थोड्या गावांपुरता आहे, तेथे मिळणारे मानधन व्यवसाय म्हणावा इतके नाही. पण तेथे बोलणाऱ्या स्त्रिया त्याच शिवारात राबतात, त्यांची तेलुगू प्रमाण भाषेच्या कसोटीला लावली जात नाही, आणि केंद्राचे क्षेत्र व भाषेचे क्षेत्र तेथे एकच आहे.

दक्कन रेडिओपासून संघम रेडिओपर्यंतच्या या सात दशकांत तंत्र बदलले, मालक बदलले आणि राज्यांच्या सीमाही बदलल्या. बिदर-कलबुर्गीच्या मराठी श्रोत्याची सोय मात्र बहुतेक वेळा दुसऱ्यांसाठी सोडलेल्या लहरींतूनच झाली. निजामी काळात उर्दूला, १९५६ नंतर कन्नडला आणि सीमेपलीकडे मराठीला जे स्थान मिळाले ते प्रत्येक ठिकाणी राज्यभाषेच्या तर्काने मिळाले, आणि चार भाषांच्या संगमावर वाढलेल्या माणसाचे बहुभाषकत्व, जे या प्रदेशाचे खरे भांडवल होते, कोणत्याही केंद्राच्या नेमणुकीच्या नियमात बसले नाही. सामुदायिक परवान्यासाठी आज राज्यभाषेची अट नाही. मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारे केंद्र भालकी किंवा औरादला निघायचे तर कायदा आडवा येत नाही, लागते ती चालवणारी संस्था आणि बोलणाऱ्याला नियमित मोबदला देण्याची व्यवस्था.